हवा कुठून शिरते

गाडी चालताना ठीक असायची. थांबली की तिचं बिनसायचं. चौकात सिग्नल लागला, सूनबाईनं गिअर मोकळा केला, की इंजिन आधी उगाच गुरगुरायचं, मग आचके दिल्यासारखं खाली यायचं आणि कधीकधी चक्क गप्प व्हायचं. मागचे हॉर्न वाजवत सुटायचे. शेजारच्या सीटवर आबा असले तर ते काच खाली करून मान कलती करायचे आणि म्हणायचे, पेट्रोल भेसळीचं आहे. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, प्लग काळे पडले असतील. पेट्रोल दुसरीकडून भरून झालं, प्लग बदलून झाले, एअर फिल्टरही नवा घालून झाला. तरी गाडीचं रडगाणं संपेना, आणि समोरच्या काट्यांशेजारी इंजिनाचा पिवळा दिवा जो लागला तो विझायचं नाव घेईना.

आबा म्हणजे तिचे सासरे. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म फिटर म्हणून काढला होता. तिथले प्रेस दिवसभर धाडधाड आपटायचे, आणि त्या गदारोळात आबा एखाद्या यंत्रापाशी जाऊन डोळे मिटून उभे राहायचे व सांगायचे, या बेअरिंगचे दिवस भरले. घरची गाडी त्यांनी कधी गॅरेजात जाऊ दिली नव्हती. गॅरेजवाले दुखणं शोधत नाहीत, नुसते अवयव बदलतात, असं त्यांचं ठाम मत. इंजिन आजारी पडलं की कण्हतं, ऐकणाऱ्याला कान पाहिजेत, हे वाक्य तर घरात सगळ्यांना पाठ होतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना क्लच दाबवेना. मुलगा दूरच्या बंदरावर नोकरीला, सुट्टीपुरता घरी यायचा. म्हणून त्यांनी सुनेलाच गाडी शिकवली. घरात सगळे तिला सूनबाई म्हणायचे, आणि आबांच्या तोंडी तर त्या हाकेत एक लाड असायचा. तिनं दोनदा फाटकाचा खांब खरवडला, तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते की खांबानं बाजूला व्हायला हवं होतं. ती दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. पेशंटच्या तोंडात लाळ ओढून घेणारी सक्शनची नळी धरायची, अवजारं उकळायची, घाबरलेल्याचा हात धरायचा. तिथून थकून आली की घरी आबा चहा ठेवून वाट बघत असायचे. सासरा कमी आणि सोबती जास्त, असं त्यांचं नातं होतं.

पण त्या दिवसांत आबा खचले होते. गुडघा मनासारखा वळेना, जिना चढवेना, आणि वर ही गाडी. फोनवर मुलगा म्हणायचा, बाबा, आता पुरे करा, गॅरेजला टाका नाहीतर विकून टाका. आबा फोन तिच्या हातात द्यायचे आणि बाहेर जाऊन पायरीवर बसायचे.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी तिला हाक मारली. घराच्या बाजूला पत्र्याची शेड होती, तिथं बॉनेट उघडं होतं. तिनं हातातल्या बॅटरीचा उजेड धरायचा, एवढंच काम. आबा तिला समजावत होते. इंजिन श्वास घेतं. ते जेवढी हवा मोजून घेतं तेवढंच मोजून पेट्रोल त्याला मिळतं. कुठं एखादी नळी चिरली की न मोजलेली हवा चोरवाटेनं आत शिरते आणि सगळं गणित फिसकटतं. गाडी पळत असताना इंजिन एवढी हवा ओढतं की त्यात ती खपून जाते. उभ्या गाडीत मात्र तीच चोरटी हवा डोईजड होते.

बोलता बोलता ते एकेका रबरी नळीखालून बोट फिरवत होते. वरून धडधाकट दिसणाऱ्या एका वळणदार नळीखाली त्यांचं बोट थांबलं. तेल पिऊन पिऊन तिचं पोट मऊ पडलं होतं आणि तिथं बोट जाईल एवढं भोक होतं. त्यांचा चेहरा असा उजळला की सूनबाईलाही हसू आलं. जवळच्या दुकानातून ती तशीच नळी घेऊन आली, आबांनी जुनी काढून नवी बसवली, क्लिपा आवळल्या आणि तिला इंजिन सुरू करायला सांगितलं.

इंजिन सुरू झालं, आणि पहिल्यासारखे आचके देईना. आबांनी डोळे मिटून मान कलती केली. आतून सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, सवत बरी झाली वाटतं, आता नवरा घरात दिसेल. आबा खो खो हसले. कित्येक दिवसांत ते असे हसले नव्हते.

सूनबाई चहा घ्यायला गाडीतून उतरली, आणि तिला तो आवाज आला. मागच्या बाजूनं, जिथं इंजिन संपतं आणि गाडीची आतली भिंत सुरू होते तिथून, एक बारीक, सलग सूं. तसा आवाज तिच्या ओळखीचा होता. दवाखान्यात सक्शनची नळी चिरली की ती अशीच सुस्कारते. कुठंतरी हवा आत ओढली जात असते.

तिनं आबांना विचारलं, मागून काहीतरी येतंय ते काय आहे? आबा वाकले. कान अगदी त्या कोपऱ्यापाशी नेला. आवाज तर इतका स्पष्ट होता की तिला तो चहाच्या कपाच्या किणकिणीवरूनही ऐकू येत होता. आबांनी मान वर केली, क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं, जणू ती आणखी काही बोलते का ते बघत होते, आणि म्हणाले, "काही नाही गं. पंख्याचा आहे तो."

पंखा तर समोर होता आणि तेव्हा फिरतही नव्हता.

तिच्या लक्षात आलं, तेही एका दमात. घरातल्या टीव्हीचा आवाज एवढा मोठा का असतो. दाराची जुनी घंटा काढून ती कर्कश घंटा का बसवली. दुकानदाराशी बोलायची वेळ आली की आबा तिलाच पुढं का करतात. तिच्या ओठावर शब्द आले होते. पण समोर हा माणूस हातातलं काळं पुसत इतका सुखी उभा होता की तिच्यानं बोलवेना. आज नको, ती मनाशी म्हणाली. उद्या-परवा क्लिनिकवरून येताना गाडी कुणाला तरी दाखवू आणि आबांच्या कानावर जाऊच द्यायचं नाही.

उद्या-परवा करता करता राहून गेलं. गाडीही बरी चालत होती. कधीतरी थांबल्यावर थोडी थरथरायची, ब्रेक किंचित जड वाटायचा. तिला वाटलं, आपलाच वहीम.

मग सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मुख्य रस्त्याला लागायच्या आधी एक उतार आहे, खाली डाव्या हाताला कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्याचं दुकान आणि त्यापुढं कमरेएवढी विटांची भिंत. उताराच्या मध्यावर सासूबाईंच्या मांडीवरची पिशवी घसरली, चष्म्याचं घर पायाशी पडलं, म्हणून त्यांनी सीटचा पट्टा सोडला आणि त्या वाकल्या. त्याच वेळी सूनबाईनं ब्रेकवर पाय ठेवला आणि तो दगडावर ठेवल्यासारखा वाटला. पुढून एक जोरात फुसकारा झाला, इंजिन बंद पडलं. तिनं सीटवरून उठून दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थोडी मंदावली, थांबली नाही. खाली मुख्य रस्त्यावर ट्रक जात होते. तिनं हँडब्रेक ओढला आणि चाक भिंतीकडे वळवलं.

आवाज फार मोठा झाला नाही. विटा पडल्या, दिवा फुटला. दुकानातला माणूस इस्त्री तशीच टाकून धावत आला आणि मागे शर्ट करपल्याचा वास सुटला. सासूबाई दोन्ही हात पुढं टेकून बसल्या होत्या आणि उजव्या मनगटाकडे असं बघत होत्या, जणू ते दुसऱ्या कुणाचं असावं. मनगट भलत्याच दिशेला वळलेलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. "तुला लागलं का?" एवढंच विचारलं.

हॉस्पिटलात हाड बसवून प्लॅस्टर घातलं. आबा टॅक्सी करून आले, बायकोच्या उशाशी बसले आणि तिच्या दुसऱ्या हाताची बोटं धरून राहिले. मुलाचा फोन आला तो त्यांनाच. सूनबाई शेजारी होती. फोन कानाशी असूनही आतला आवाज तिला शब्दन् शब्द ऐकू येत होता. किती वेळा सांगितलं होतं गॅरेजला द्या म्हणून, स्वतःला काय समजता, आज आई मेली असती. शेवटी आबा म्हणाले, "माझ्या हातून राहिलं रे." आणि फोन खिशात ठेवला.

सूनबाईनं त्याच वेळी बोलायला हवं होतं. ती पाणी आणायला म्हणून उठली आणि पार जिन्यापर्यंत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

गाडी दुसऱ्या दिवशी ओढून शेडमध्ये आणून ठेवली. संध्याकाळी ती क्लिनिकमधून आली तर आबा स्टुलावर बसले होते. मांडीवर एक जाड काळी नळी होती, टोकाशी उभी उकललेली. इंजिनाच्या ओढीवरच ब्रेकला जोर मिळतो, आणि तो जोर याच नळीतून जातो. ती फुटली की ब्रेक असून नसल्यासारखा. आबा त्या चिरेवरून अंगठा फिरवत होते.

"हे एका दिवसाचं नाही," ते म्हणाले. "ही आधीपासून हवा खात असणार. मला कळायला हवं होतं."

"आबा," ती म्हणाली आणि मग त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, तोंड दिसेल अशी. "तुम्हाला तो आवाज ऐकू येत नव्हता. बारीक आवाज तुम्हाला ऐकू येत नाहीत. मला येत होता. त्या दिवशी चहाच्या वेळीच आला होता. मी बोलले नाही."

आबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं, ऐकू आलं नाही की काय. पण ऐकू आलं होतं.

"का नाही बोललीस?"

"तुम्ही खूश होता म्हणून."

"माझ्या खुशीसाठी तिचा हात गेला तर," ते सावकाश म्हणाले. त्यांनी नळी स्टुलावर ठेवली, भिंतीला धरून उठले आणि घरात गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि त्यानंतर तिच्याशी बोलायचे बंद झाले.

भांडण झालं असतं तर परवडलं असतं. आबा तिनं वाढलेलं जेवत, ताट उचलून नेऊन ठेवत, समोर आली तर वाट देत. चहा मात्र ठेवेनासे झाले. टीव्हीही बंद असायचा. ते खिडकीशी बसून बाहेर बघत असत, आणि घरातली प्रत्येक लहानसहान खुडबूड त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये हे आता तिला इतकं दिसत होतं की आपण आधी आंधळे होतो की काय असं तिला वाटे. भांडं पडलं तरी ते वळत नसत. हाक मारली तर पहिली हाक वाया जाई.

सासूबाईंची वेणी घालायचं काम आता तिच्याकडे होतं. एका सकाळी कंगवा फिरवता फिरवता तिला रडू आलं. सासूबाईंनी मागं न बघता विचारलं, काय बोलत नाहीत का तुझ्याशी? मग म्हणाल्या, "तू एक दिवस गप्प बसलीस. मी किती वर्षं बसले ते मलाच आठवत नाही. पाय दुखतोय म्हटलं तर त्यांना चहा ऐकू येतो, म्हणतात, आत्ताच प्यायलो. मी आपली हसायचे आणि पुन्हा मोठ्यानं सांगायचे. कारखान्यात कान घालवून आलेल्या माणसाला तुझे कान गेले म्हणून सांगायला जीभ रेटत नाही गं." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "पण मनगट माझं मोडलंय. तेव्हा थोडा राग मलाही येऊ दे."

सूनबाईनं वेणी घट्ट घातली, आणि मग सैल केली.

नवऱ्याला तिनं स्वतःच फोन करून सांगितलं. आबांचा दोष नाही, मला आवाज येत होता, असं सांगितलं. तिला वाटलं होतं, तो समजून घेईल. निदान वडिलांना लागेलसं बोलल्याचं त्याला वाईट वाटेल. तो म्हणाला, "म्हणजे तुला माहीत होतं, आणि तरी तू आईला त्या गाडीत बसवलंस." ती म्हणाली, माहीत नव्हतं, नुसता आवाज आला होता. तिचं तिलाच ते लंगडं वाटलं. त्यानंतर त्याचे फोन येत राहिले, पण थेट आईच्या फोनवर.

असेच दिवस गेले. एका दुपारी ती घरीच होती, आणि शेडमधून पाना पडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ आबा दाराशी येऊन उभे राहिले. हात काळे होते. त्यांनी नवी नळी आणून बसवली होती. कुणाला न सांगता गेले असणार, त्या गुडघ्यानं.

"ये," ते म्हणाले. "तू ऐक. मी दाबतो."

ती चप्पल न घालताच गेली. इंजिन सुरू झालं. आबांनी पकडीच्या जबड्याला फडकं गुंडाळलं होतं. त्या पकडीनं ते एकेक नळी हळूच चिमटीत धरत आणि तिच्याकडे बघत. नळी दाबल्यावर इंजिनाचा सूर बदलला, तर खोट त्या नळीच्या पुढं आहे. ती मान हलवून नाही म्हणे, आणि ते पुढची नळी धरत. सगळ्या नळ्या झाल्या. ब्रेककडे जाणारी नवी नळी ठाकठीक होती. पण सूं आवाज होताच, आधीपेक्षा बारीक. तिनं या वेळी तो गिळला नाही. अजून आहे म्हणाली, आणि बोटानं दाखवलं: खाली, जिथं हवा आत नेणाऱ्या पाइपच्या फांद्या इंजिनाच्या अंगाला मिळतात तिथं.

आबांनी झाडांवर मारायची पाण्याची बाटली घेतली आणि त्या सांध्यावर पाण्याचा फवारा मारला. इंजिन एक क्षण सावरलं. सूं आवाज थांबला. पाणी सुकलं आणि तो पुन्हा सुरू झाला. त्यांनी परत फवारा मारला, परत तसंच झालं. आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, पण इंजिनाच्या झाकणावर ठेवलेल्या दुसऱ्या हाताला ते थरथरणं आणि थांबणं कळत होतं.

"गॅस्केट," ते म्हणाले. "सांध्यात दाबून बसवलेली पट्टी. सगळं उघडावं लागेल." त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं, मग हातांकडे. "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य तिनं ऐकलं नव्हतं. तिला आनंदही झाला नाही आणि सुटल्यासारखंही वाटलं नाही. तिनं फक्त विचारलं की गॅरेजला आपण दोघं जाऊ या का. ते हो म्हणाले.

गॅरेजात ते एका बाकावर बसले. मेकॅनिकनं आपल्या मशीननं इंजिनाच्या नळ्यांत पांढरा धूर सोडला आणि धूर त्या सांध्यातूनच वर आला. तो वाकून, पाठ करून काहीतरी सांगत होता. सवयीनं सूनबाई पुढं झाली, ऐकून आबांना सांगायला. पण आबा स्वतःच उठले, काठी टेकत त्याच्या बाजूला गेले आणि म्हणाले, "इकडं बघून बोला. मला ऐकू येत नाही." त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा होता. गॅरेजातली दोन-चार माणसं वळली. आबांचे कान लाल झाले, पण ते तिथून हलले नाहीत. मेकॅनिकनं तोंड त्यांच्याकडे केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आबांनी त्याला तीन प्रश्न विचारले, आणि तिसऱ्याचं उत्तर द्यायला त्याला विचार करावा लागला.

सासूबाईंचं प्लॅस्टर काढायच्या दिवशी गाडी घरी आलेली होती. पिवळा दिवा विझला होता, फुटका दिवा नवा होता. पण सासूबाई म्हणाल्या, मी टॅक्सीनं जाईन. कुणी आग्रह केला नाही. आबा त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसले आणि सूनबाई एकटीच रिकामी गाडी घेऊन मागून गेली. उताराच्या तोंडाशी तिनं गाडी पहिल्या गिअरात घातली. ब्रेक मऊ होता, जसा असायला हवा तसा, तरी खाली पोचेपर्यंत तिनं हँडब्रेकवरचा हात काढला नाही.

मनगट जुळलं होतं, पण किंचित वाकडं. डॉक्टर म्हणाले, काम करेल, थंडीत दुखेल. सासूबाईंनी मूठ उघडमीट करून पाहिली.

बाहेर टॅक्सीसाठी लांब रांग होती. आबांनी रांगेकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. सासूबाई बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग गाडीकडे गेल्या, मागचं दार डाव्या हातानं उघडून आत बसल्या, पट्टा लावला आणि तो नीट लागलाय का हे ओढून पाहिलं. आबा पुढं बसले.

"हळू चालव," मागून त्या म्हणाल्या.

आबांनी सूनबाईकडे मान वळवली. "काय म्हणाली?"

तिनं चावी फिरवता फिरवता हात थांबवला, तोंड त्यांच्याकडे केलं आणि ते दोन शब्द पुन्हा सांगितले.